कॉन्व्हेंटमधली कॅथलिक मुले

बंगळुरूचे जयनगर १९४८ साली आखले गेले. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्यावरून त्याला नाव मिळाले आणि मेन, क्रॉस, ब्लॉक अशा काटकोनी हिशेबात ही वसाहत वाढत गेली. तिच्या चौथ्या ‘टी’ ब्लॉकात कार्मेल कॉन्व्हेंट नावाची शाळा आहे. अपोस्टोलिक कार्मेल या संघाच्या सिस्टर ती चालवतात. अशा शाळांत प्रवेश मिळावा म्हणून धडपडणारे बहुतेक पालक कॅथलिक नसतात, आणि ते साहजिकच आहे. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातले ख्रिस्ती १.८७ टक्के भरले. त्यांतून प्रॉटेस्टंट वजा केले की कॅथलिक आणखीच कमी उरतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशभरातल्या ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांत सुमारे ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत.

या शाळांविषयी आपल्याकडे बोलणे होते ते याच मोठ्या गटाबद्दल. इंग्रजी चांगले होते का, शिस्त आहे का, आपल्या मुलांवर बायबल लादले जाते का, एवढेच विचारले जाते. ज्यांच्यासाठी ही शाळा मुळात काढली, त्या कॅथलिक घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे तिथे काय होते, हे कोणी विचारत नाही. त्याची श्रद्धा शाळेत वाढते का? वाढत असेल तर कशाने? मला वाटते, धर्माच्या तासाने ती फारच थोडी वाढते. वाढते ती वर्षाच्या सणवारांनी, गाण्याने, सोबतीने; आणि या सगळ्यामागे घर उभे असेल तरच.

अपोस्टोलिक कार्मेलची कथा इथे सांगण्यासारखी आहे. सोफी लीव्ह्स ही एका अँग्लिकन धर्मगुरूची मुलगी. तिचा जन्म १८२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये झाला. १८५० मध्ये ती कॅथलिक झाली, पुढे सिस्टर झाली आणि मलबार किनाऱ्यावर कालिकतला शिकवायला आली. मुलींना शिकवणारा, पण मनाने कार्मेलच्या ध्यानपरंपरेतला असा संघ असावा, ही कल्पना तिने उचलून धरली. १८६८ मध्ये फ्रान्समधल्या बायोन इथे मदर व्हेरोनिका या नावाने तिने तो उभा केला, आणि १८७० च्या नोव्हेंबरात त्याच्या पहिल्या सिस्टर मंगळूरला उतरल्या. मदर व्हेरोनिका मात्र पुन्हा भारतात आल्या नाहीत. १९०६ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. मंगळूरच्या सेंट अ‍ॅन्स कॉन्व्हेंटमधून पुढे शाळांचा पसारा वाढला तो आधी कॅथलिक मुलींसाठी. इतर धर्मांच्या मुली आल्या, पुढे त्यांची संख्या जास्त झाली, आणि ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे चांगले इंग्रजी हे समीकरण पक्के झाले. आपल्या विदर्भात तर हे समीकरण इतके मुरले की ज्या शाळेच्या आसपास एकही सिस्टर नाही, तिच्या पाटीवरसुद्धा देवीदेवतेच्या नावापुढे कॉन्व्हेंट लिहिलेले असते.

लहान मुलांना धर्म शिकवण्याची खटपट या देशात मंगळूरच्याही फार आधीची. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात पोहोचला. हातात घंटा घेऊन तो गल्लीबोळांतून फिरे, मुलांना आणि गुलामांना गोळा करून चर्चमध्ये नेई आणि श्रद्धेची सूत्रे चालीवर म्हणून घेई. मुले ती घरी, शेतात, होडीत म्हणत. पुढे गोव्यातल्या गावोगावच्या चर्चना जोडून शाळा झाल्या. तिथे अक्षरओळख, प्रार्थना आणि संगीत एकत्र शिकवले जाई. शिकवणारा मेस्त्री चर्चमधल्या गायकांचाही प्रमुख असे. या शाळांनी किती मुले धार्मिक केली हे कोणी मोजलेले नाही, पण किती वादक घडवले ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीला ठाऊक आहे. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, आणि त्यांचे वडील तिथल्याच चर्चचे गायकप्रमुख. ‘अमर अकबर अँथनी’मधले गाणे ज्यांच्या नावाचे, ते हेच.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाचकाला ‘क्रिस्तपुराणा’मुळे माहीत असते. १६१६ मध्ये छापलेला तो ओवीबद्ध ग्रंथ वसईकडच्या चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत प्रसंगाप्रसंगाने गायला जात असे. त्यांचे दुसरे पुस्तक कमी ठाऊक आहे. कोकणीत प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेली ती ख्रिस्ती शिकवण त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, छापली गेली. एकाच लेखकाने मोठ्यांसाठी पुराण आणि मुलांसाठी प्रश्नोत्तरे लिहावीत, आणि लोकांच्या ओठांवर तीन शतके पुराण टिकावे, यातून मुलांना शिकवणाऱ्यांनी धडा घ्यायला हवा होता. घेतला मात्र गेला नाही. ‘तुला कोणी निर्माण केले?’ असा प्रश्न आणि त्याचे एका ओळीचे ठरलेले उत्तर, हीच पद्धत जगभर चालली. गोव्यात ‘दोतोर्न’, म्हणजे धर्मशिक्षण, हे निव्वळ पाठांतरच असल्याचे अनेक पिढ्यांनी अनुभवले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुलांचे धर्मशिक्षण ही कॅथलिक व्यवस्थेत मूळची शाळेची जबाबदारी नव्हेच. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये ती धर्मग्रामावर, म्हणजे स्थानिक चर्चवर टाकली: रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे शिकवावीत. पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये तेच पुन्हा बजावले आणि रविवारी एक तास नेमून दिला. चर्चचा कायदा तर त्याही मागे, घरापर्यंत जातो. मुलाला श्रद्धेत वाढवण्याचे पहिले कर्तव्य आईवडिलांचे, असे तो सांगतो. शाळा त्यांच्या मदतीला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे निवेदन काढले, त्यातही हाच क्रम आहे. घर, चर्च आणि मग शाळा.

प्राथमिक शाळेला कॅथलिक जगात एवढे महत्त्व आले ते याच दहाव्या पायस यांच्या दुसऱ्या एका निर्णयाने. त्यांच्या आधी मुले पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे उपासनेत दिली जाणारी पवित्र भाकर, दहा, बारा, कुठे चौदाव्या वर्षी घेत. १९१० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ठरवले की मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक कळू लागला की पुरे, आणि हे वय साधारण सात वर्षांचे. एका फटक्यात धर्मजीवनातला एक मोठा टप्पा माध्यमिकातून प्राथमिकात आला. आज मुंबई असो, वसई असो की बंगळुरू, तिसरी-चौथीतल्या मुलांची तयारी करून घेतात. आधी पापनिवेदन शिकवायचे. आठ वर्षांच्या मुलाला आपली पापे आठवायला सांगणे हा प्रकार बाहेरच्या माणसाला थोडा विचित्र वाटेल. प्रत्यक्षात मुले ‘भावाला मारले’, ‘आईशी खोटे बोललो’ अशी यादी मोठ्या गांभीर्याने बनवतात आणि हलकी होऊन परत येतात. मग पांढरे कपडे, हातात मेणबत्ती, रांगेत उभे राहणे, नातेवाइकांची गर्दी, जेवण. ज्या मुलाला वर्गात आपण वेगळे आहोत असे वर्षभर वाटत होते, त्याला त्या दिवशी आपल्यासारखी पन्नास मुले एका रांगेत दिसतात. हे दिसणे कुठल्याही धड्यापेक्षा जास्त काम करते.

आता शाळेच्या वेळापत्रकाकडे येऊ. कॅथलिक शाळांत सरसकट आढळणारी पद्धत अशी: आठवड्यात काही तासिका कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण, आणि त्याच वेळी बाकीच्यांना ‘मॉरल सायन्स’ किंवा मूल्यशिक्षण. घंटा झाली की कॅथलिक मुले आपापल्या बाकांवरून उठून दुसऱ्या खोलीत जातात आणि वेगवेगळ्या तुकड्यांतली मुले तिथे एकत्र बसतात. कायद्याच्या दृष्टीने ही सोय निर्दोष आहे. मुलाच्या दृष्टीने तितकीशी नाही. शेजारच्या मित्राला खरे बोलण्याची गोष्ट मिळते, आणि आपल्याला सात संस्कारांची नावे. खरे बोलणे हा जणू दुसऱ्यांचा विषय! ज्या शिक्षिका ‘दयाळू शोमरोनी’ची किंवा ‘उधळ्या पुत्रा’ची गोष्ट दोन्ही खोल्यांत सांगतात आणि पुढची चर्चा तेवढी वेगळी ठेवतात, त्या या अडचणीतून जास्त शहाणपणाने वाट काढतात. शिवाय आठवड्यातल्या अशा तासिकांवर सहामाहीच्या आधी गणिताची नजर असतेच, हे कुठल्याही शाळेतल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

धर्मशिक्षणाची रीत बदलावी यासाठी देशातला सर्वांत मोठा प्रयत्न बंगळुरूतूनच झाला. १९६७ मध्ये इथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्र सुरू झाले. त्याचे संस्थापक फादर डी. एस. अमलोरपवदास हे तमिळ धर्मगुरू. श्रद्धा म्हणजे पाठ केलेली उत्तरे नव्हेत. माणूस जिथे राहतो, ज्या भाषेत आणि ज्या रीतींत वाढतो, तिथून तिची सुरुवात व्हावी, हा त्यांचा आग्रह. समई, आरती, फुले, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार अशा गोष्टी १९६९ पासून कॅथलिक उपासनेत रीतसर आल्या, त्यामागे हे केंद्र होते. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. काही कॅथलिकांना हा हिंदूपणा वाटला आणि काही हिंदूंना ही नक्कल. १९९० मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. देशभरातल्या धर्मशिक्षकांच्या दोन पिढ्या या केंद्रातून प्रशिक्षण घेऊन गेल्या, आणि मुलांच्या पुस्तकांत प्रश्नोत्तरांच्या जागी गोष्ट, चित्र, कृती आणि शेवटी लहानशी प्रार्थना अशी मांडणी रुळली.

रोममध्ये याच्याही आधी, १९५४ पासून, सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी लहान मुलांबरोबर वेगळेच काम सुरू केले होते. गोब्बी माँटेसरी पद्धतीच्या शिक्षिका. मुलांच्या उंचीचे टेबल, छोटी वेदी, छोटा पेला, लाकडी मेंढपाळ आणि मेंढ्या. मुलाने हे हाताळायचे, बाईंनी कमीत कमी बोलायचे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पाप आणि शिक्षेची भाषा कळत नाही, पण नावाने हाक मारणारा मेंढपाळ लगेच कळतो, हे त्यांना दिसले. खुद्द मारिया माँटेसरी १९३९ ते १९४६ या काळात भारतात होत्या, अड्यार आणि कोडईकनालला शिकवत होत्या. आपल्याकडे त्यांची बालवाडी घरोघर पोहोचली, पण त्यांचे धर्मशिक्षणावरचे विचार फारसे पोहोचले नाहीत. साठ मुलांच्या वर्गात लाकडी मेंढ्या हाताळायला देता येत नाहीत, ही अडचण खरीच. तरीही पहिली-दुसरीच्या मुलांना एक मेणबत्ती लावून दोन मिनिटे गप्प बसवणे कुठल्याही शाळेला जमण्यासारखे आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. अठ्ठाविसाव्या कलमाने दुसरी बाजू सांभाळली: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. घटना समितीत अल्पसंख्याकांच्या शिक्षणहक्कांची बाजू मांडणाऱ्यांत मंगळूरचे जेझुइट फादर जेरोम डिसूझा होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या क्लेरेन्स हायस्कूलवरून वाद पेटला. प्रवेश अर्जात बायबल बाळगण्याविषयी पालकांचे हमीपत्र घेतले जाते, अशी तक्रार झाली आणि शिक्षण खाते मध्ये पडले. ती शाळा कॅथलिक नव्हे, पण झळ सगळ्यांना लागली. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचा, शक्य तिथे सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची एक खोली ठेवा.

या सूचना योग्यच आहेत. पण त्यांचा एक परिणाम असा होऊ शकतो की वादाच्या भीतीने शाळा कॅथलिक मुलांसाठीही काही करायचे सोडून देते. भिंतीवरचा क्रूस राहतो, वार्षिकोत्सवात नाताळचे नाटुकले राहते आणि बाकी सगळे बंगळुरूतल्या कुठल्याही इंग्रजी शाळेसारखे. इतरांच्या मुलावर सक्ती करू नये, हे कायदा सांगतो. आपल्या मुलाकडे दुर्लक्ष करावे, असे तो कुठेही सांगत नाही.

मग करण्यासारखे काय उरते? पुष्कळ. कॅथलिक वर्ष स्वतःच एक पाठ्यक्रम आहे आणि आपल्याकडच्या शाळेच्या वर्षाशी तो बऱ्यापैकी जुळतो. शाळा उघडते तो जून येशूच्या पवित्र हृदयाचा महिना. १६ जुलैला कार्मेल मातेचा सण, म्हणजे कार्मेलच्या शाळांचा घरचाच सण. ऑक्टोबरात जपमाळ, नोव्हेंबरात मृतांची आठवण, मग आगमनकाळ आणि नाताळचा गोठा. पुढे उपवासकाळात आपल्या खाऊचे पैसे बाजूला टाकायचे आणि ईस्टरच्या सुमाराला परीक्षा.

याच वर्षातला सप्टेंबरचा मोंतीचा सण जरा थांबून पाहावा असा आहे. बंगळुरूतल्या मंगळूरी कॅथलिकांची संख्या मोठी, आणि ८ सप्टेंबर, मारियेचा जन्मदिवस, हा त्यांचा सर्वांत आवडता सण. त्याआधी नऊ दिवस मुले चर्चमध्ये फुले घेऊन येतात, मारियेच्या मूर्तीपुढे रांगेने वाहतात आणि कोकणी गाणे म्हणतात. नवव्या दिवसानंतर भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो. प्रत्येक घराला कणीस मिळते, त्याचे दाणे खिरीत किंवा दुधात घालून आधी घरातल्या मोठ्यांनी मग लहानांनी खायचे, आणि त्या दिवशी जेवण शाकाहारी. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय खायचे नाही, ही कोकणातल्या कुठल्याही घराला समजणारी रीत. मुंबईत याच सुमाराला मोत माउलीची जत्रा भरते, आणि तिथला मूळचा कॅथलिक ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो. जयनगरच्या फ्लॅटमधल्या मुलाने भाताचे शेत पाहिलेले नसेल. तरी नऊ दिवस रोज एक फूल शोधायचे, ते कोमेजू न देता न्यायचे, आपली पाळी येईपर्यंत उभे राहायचे, हे पाच वर्षांच्या मुलालाही करता येते. मारिया कोण होती याचे त्याला पडलेले प्रश्न मग त्या फुलांमधूनच निघतात. शेजारच्या बाकावरच्या हिंदू मैत्रिणीनेही फूल आणले तर कोणाचे काही बिघडत नाही, तिच्या आईबाबांना चालत असले म्हणजे झाले.

गोठ्याचेही तेच. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माती, गवत, डबक्यातले पाणी म्हणून आरसा, अशी जमवाजमव सुरू होते. वसईच्या गावांत तरुण मंडळे मोठमोठे देखावे उभारतात. शाळेत मुले पुठ्ठ्यावर भागवतात. नाटकात योसेफ कोण, मारिया कोण यावर रुसवेफुगवे होतात आणि अनेकदा देवदूत होणारी मुलगी मुसलमान असते. शाळेतल्या सामूहिक जीवनाचा कॅथलिक अर्थ इथे सहज सापडतो. येशूचा जन्म बघायला आधी आले ते मेंढपाळ, म्हणजे रात्रपाळीचे गरीब लोक. ही गोष्ट सांगून झाल्यावर शाळेच्या वॉचमनला, बसच्या चालकाला, सफाई करणाऱ्या मावशींना नाताळचा फराळ मुलांच्या हातून दिला गेला, तर धर्मशिक्षणाचा एक तास सत्कारणी लागला.

मुलांनी मुलांसाठी काही करावे ही कल्पनाही जुनी आहे. फ्रान्सच्या नान्सीचे बिशप फोर्बें-जान्सों यांनी १८४३ मध्ये ‘पवित्र बालकत्व’ संस्था काढली. प्रत्येक मुलाने रोज एक प्रार्थना म्हणायची आणि महिन्याला एक लहान नाणे दूरच्या गरजू मुलांसाठी द्यायचे. तिच्या सुरुवातीच्या प्रचारात आशियातल्या मुलांकडे दयेने वाकून पाहण्याचा युरोपी सूर होता, तो आज वाचताना खटकतो. पण तीच संस्था आता आशियातल्या धर्मग्रामांतही चालते आणि इथली मुले दुसऱ्यांसाठी नाणे टाकतात.

बंगळुरूची स्वतःची म्हणून एक अडचण आहे, ती भाषेची. वसईच्या मुलाला ती आजोबांच्या काळात नव्हती. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत मराठी, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, तीही मराठीत. ‘सुवार्ता’ मासिक घरात यायचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतून आले, ‘सुबोध बायबल’चे लेखक झाले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जयनगरच्या कॅथलिक मुलाकडे पाहा. घरी कोकणी, तमिळ किंवा मल्याळम, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर कन्नड, आणि रविवारी मिस्सा कुठल्या भाषेतली, हे धर्मग्रामावर आणि घरातल्या आजीच्या आग्रहावर ठरणार. बंगळुरूच्या महाधर्मप्रांतात उपासनेची भाषा कन्नड असावी की तमिळ, यावर दशकानुदशके कडवट भांडणे झाली आहेत. मोठ्यांनी भांडावे, मुले आपोआप इंग्रजीकडे सरकतात. वसईतही आता तेच होऊ लागले आहे: शाळा इंग्रजी झाली, प्रार्थना मराठी राहिली, आणि मुलाला दोन्ही भाषा अर्ध्यामुर्ध्या येतात.

या बाबतीत माझे मत ठाम आहे. शाळेने इंग्रजीत काय शिकवायचे ते शिकवावे, पण झोपतानाची प्रार्थना घरच्या भाषेत असावी. ती आजीबरोबर म्हणता येते. मंगळूरी आणि गोवन घरांत संध्याकाळची जपमाळ संपली की लहानांनी मोठ्यांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागायचा असतो. हात जोडून एकेकापुढे जायचे. देव आणि घरातली माणसे एका रांगेत येतात ती या रीतीत, आणि तिला पर्याय ठरेल असे काही कुठल्याही शाळेकडे नाही.

शाळेकडे आता तेवढी माणसेही नाहीत. एकेकाळी पहिलीच्या वर्गावर सिस्टर असत; आज बहुतेक ठिकाणी एक-दोन सिस्टर कार्यालयात आणि वर्गांवर पगारी शिक्षिका, त्यांतल्या बऱ्याच हिंदू. मला यात तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही. मुलाला न ओरडता समजावणारी, डबा न आणलेल्याला आपल्यातला घास देणारी बाई त्या शाळेचा धर्मच चालवत असते. पण क्रूसाची खूण कशी करायची, मिस्सेत केव्हा गुडघे टेकायचे, हे तिने शिकवावे अशी अपेक्षा करता येणार नाही. ते काम रविवारच्या धर्मशिक्षकांकडे गेले आहे, आणि ही बहुतेक बिनपगारी माणसे: कॉलेजातली मुले, गृहिणी, निवृत्त शिक्षिका, आठवडाभर कंपनीत राबून रविवारी सकाळी वर्ग घेणारे तरुण. त्यांना प्रशिक्षण मिळते ते तुटपुंजे, आणि पालकांकडून मिळते ती बहुधा एकच विचारणा, ‘किती वाजता सुटणार?’

शाळा आणि धर्मग्राम यांच्यात ताळमेळ नसणे हे आजच्या व्यवस्थेतले सगळ्यात मोठे वैगुण्य आहे. मूल कार्मेलमध्ये शिकते, राहते तिसऱ्याच ब्लॉकात आणि ख्रिस्तप्रसादाची तयारी करते भलत्याच धर्मग्रामात. शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या बाई आणि रविवारच्या बाई एकमेकींना ओळखतच नाहीत. एक उधळ्या पुत्रावर असते, दुसरी दहा आज्ञांवर. वर्षाच्या सुरुवातीला दोघींनी एकदा बसून क्रम जुळवला, तर अर्धे काम सोपे होईल. यासाठी ना परिषद लागते ना परिपत्रक, एक फोन पुरतो.

जयनगरमध्ये किंवा वसईत, कॅथलिक शाळेत मुलाचे नाव घालणाऱ्या कॅथलिक आईवडिलांनी म्हणूनच प्रवेशाच्या दिवशी दोन गोष्टी विचाराव्यात. आमच्या मुलांचे धर्मशिक्षण कोण घेते, आणि त्या बाई आमच्या धर्मग्रामातल्या धर्मशिक्षकांना ओळखतात का? उत्तर नकारार्थी आले तर ती ओळख आपणच करून द्यावी. आणि रविवारी मुलाला चर्चच्या दारात सोडून गाडीत फोन बघत बसू नये. आत जाऊन त्याच्या शेजारी बसावे.